प्रस्तावना : लाकडाच्या लेथवर विडिया

छत्रपती संभाजीनगरात टर्नर म्हणजे कोण, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आधी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत झाली, मग वाळूजची. १९८५मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने त्याच्या आजूबाजूला उभे राहिले. पुढे शेंद्रा आले. शहरातल्या हर्सूलमधून रोज सकाळी कंपनीच्या बसने कामावर जाणाऱ्यांमध्ये लेथवर आणि सीएनसीवर उभे राहणारे कितीतरी जण असतात. आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेल्या मुलाला शाफ्ट, बुश, फ्लँज कातणे सरावाचे होते आणि त्याच्या बोटांना कार्बाइडचा इन्सर्ट ओळखीचा होतो. इन्सर्टचा कोपरा झिजला की स्क्रू सैल करून तो फिरवायचा, सगळे कोपरे संपले की डब्यात टाकायचा आणि नवा लावायचा.

याच शहरात लाकूड कातणारेही आहेत. पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, जिन्याच्या कठड्याचे बार, पोळपाट, लाटणे, रवी, भोवरे ही त्यांची कामे. त्यांच्या हातात बहुधा जुन्या कानशीला शेगडीत तापवून, ठोकून केलेली पटाशी असते आणि शेजारी साण फिरत असते. सागाचे दोन-तीन पाय झाले की पटाशी साणेवर, पुन्हा दोन-तीन पाय, पुन्हा साणेवर. लोखंडाचा टर्नर आणि लाकडाचा कातारी एकाच गावात इतकी वर्षे राहिले, पण एकमेकांच्या कामात त्यांनी फारसे डोकावले नाही. त्यांची गाठ पडावी म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे. दोघांपैकी एकाने जरी ती वाचून दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकले, तरी तिचे काम झाले असे मी समजेन.

आपल्या वर्कशॉपमध्ये कोणत्याही कंपनीच्या कार्बाइडला विडियाच म्हणतात, म्हणून मीही पुस्तिकेत तोच शब्द ठेवला आहे. या वस्तूचा जन्म मात्र कापकामासाठी झाला नव्हता. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत आणि त्या फार महाग पडत. त्याला पर्याय शोधताना जर्मनीत ओस्राम कंपनीच्या कार्ल श्र्योटरने टंगस्टन कार्बाइडची भुकटी आणि कोबाल्ट एकत्र दाबून भाजण्याची रीत बसवली. त्याचे पेटंट १९२३चे आहे. पुढे क्रुप कंपनीने त्या दशकाच्या उत्तरार्धात हा माल ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला आणि धातुकामाचा वेगच बदलला. आत काय असते ते घराचा स्लॅब पाहिलेल्या कोणालाही कळेल: खडीच्या जागी कार्बाइडचे अतिसूक्ष्म, अतिकठीण कण आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या सिमेंटच्या जागी कोबाल्ट. कोबाल्ट वाढवला की टोक चिवट होते पण कठीणपणा थोडा घटतो, कमी केला की कठीण होते पण ठिसूळ. दाब ते प्रचंड सोसते, आघात सोसत नाही. फरशीवर पडलेला इन्सर्ट दिसायला धड वाटला तरी भिंगाखाली धरला की त्याच्या धारेला बारीक दाते पडलेले दिसतात.

टंगस्टनचा बहुतेक जागतिक पुरवठा आज चीनमधून होतो. राजस्थानात डेगाणा येथे त्याची खाण होती, ती बंद झाली. आपल्या महाराष्ट्रातही नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला कुही-खोबणा-आगरगाव या पट्ट्यात टंगस्टनचे खनिज असल्याची नोंद आहे. म्हणून कोपरे संपलेले इन्सर्ट भंगारात मिसळून जाऊ देऊ नयेत. ते वेगळे साठवले तर त्यांना चांगला भाव येतो आणि त्यातले टंगस्टन पुन्हा वापरात येते.

लोखंड कातताना विडियाचा मोठा गुण म्हणजे उष्णता सोसणे. हायस्पीड स्टील साधारण सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत आपला कठीणपणा टिकवते, विडिया त्याच्याही पुढे जाते. लाकडाला या गुणाची गरज जवळजवळ पडत नाही. लाकडात धार मरते ती मुख्यतः घासून. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. चांगला सुतारही सागाला ‘हत्यार खाणारे लाकूड’ म्हणतो, त्याचे कारण हेच. आपल्याकडची बाभूळ जड आणि चिवट, चिंचेचा गाभा त्याहून कठीण. वखारीत जमिनीवर पडून मातीत माखलेल्या ओंडक्याच्या सालीत दगडाचे कण अडकलेले असतात. अशा लाकडावर कानशीच्या पटाशीची धार काही मिनिटांत जाते आणि विडियाची कितीतरी पटींनी जास्त टिकते. प्लायवूडवर काम करणाऱ्या सुतारांनी हे कधीच ओळखले. त्यांच्या गोल करवतीच्या दातांना आणि राउटरच्या बिटांना विडियाची टोके असतात, कारण प्लायवूडमधला डिंक साध्या पोलादाची धार बघता बघता संपवतो. मागे राहिला तो फक्त लेथ.

लाकडाच्या लेथवरची विडियाची हत्यारे परदेशात गेल्या काही दशकांत रुळली आहेत. दिसायला ती साधी असतात: चौकोनी पोलादी दांडा, त्याच्या टोकाला स्क्रूने बसवलेला छोटा चौकोनी, गोल किंवा हिऱ्याच्या आकाराचा कटर आणि मागे लांब मूठ. चौकोनी कटर म्हणजे बहुधा प्लेनर मशीनच्या नागमोडी रोलरवर बसणाऱ्या लहान चाकूंचाच भाऊबंद असतो. १४ × १४ × २ आणि १५ × १५ × २.५ मिलिमीटर ही मापे तिथलीच. चार बाजू, चार धारा. एक मेली की स्क्रू सैल करून पाव वळसा.

इतके वाचून कोणाला वाटेल की साण गेली, कष्ट गेले, आता कोणीही कातारी होईल. तसे होत नाही. का होत नाही, हे सांगण्यातच या पुस्तिकेची निम्मी पाने गेली आहेत, म्हणून इथे त्यावर थोडे थांबतो.

गोल पटाशी किंवा तिरकी पटाशी लाकूड कापते. तिच्या धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला असतो, त्या टेकण्याने खोली ठरते आणि धार तंतूंच्या खाली शिरून त्यांना सोलून काढते. सफाईदार काम झाले की लांब, कुरळी ढलपी हातावरून वाहते. चपट्या माथ्याचे विडिया हत्यार असे कापत नाही. ते टेक्यावर (टूल रेस्टवर) सपाट, जमिनीला समांतर धरायचे असते, धार सेंटरच्या उंचीला आणि उतार लाकडाला न लागता मोकळा. म्हणजे ते खरवडते. हात कमी शिकलेला असला तरी खरवडणे जमते, म्हणून नवशिक्याला हे हत्यार दिले की पहिल्याच दिवशी त्याच्या हातून काहीतरी गोल, सरळ निघते. हा लाभ मोठा आहे आणि त्याबद्दल नाक मुरडणाऱ्या जुन्या मंडळींशी माझे पटत नाही. पटाशीचा उतार टेकवायला शिकता शिकता कितीजण पहिल्या महिन्यातच लेथ सोडून देतात, हे मी पाहिलेले आहे. लेथ सोडून गेलेल्या माणसापेक्षा खरवडत राहिलेला माणूस कधीही बरा, कारण तो उद्या पटाशीही उचलेल.

पण खरवडण्याची किंमत लाकूड वसूल करते. लाटण्यासारख्या कामात तंतू लेथच्या लांबीला समांतर असतात, तिथे बाभूळ किंवा सिसम यांवर विडिया सुरेख पृष्ठभाग देते. वाडगा कातताना मात्र लाकूड आडवे बसवलेले असते. प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंची बाजू भेटते आणि दोनदा तंतूंची टोके. टोकांवर खरवडणारी धार तंतू कापण्याऐवजी उचकटते. आंबा किंवा पांगारा असे मऊ लाकूड असेल तर तिथे खडबडीत, लव आल्यासारखे दोन पट्टे उरतात आणि मग ८० नंबरच्या कागदाने तासभर घासत बसावे लागते. धारदार गोल पटाशीने तोच वाडगा कातला असता तर १८० नंबरपासून सुरुवात करता आली असती. ओल्या लाकडात तर विडिया आणखी मागे पडते. ओले तंतू वाकतात, तुटत नाहीत.

यावर उपाय आहेत. हत्यार सपाट न धरता सुमारे पंचेचाळीस अंश कलते केले, तर धार तंतूंना तिरकी भेटते आणि खरवडण्यात कापण्याचा अंश येतो. शेवटचा हात केसाइतका हलका ठेवायचा. पातळ सँडिंग सीलरचा एक हात देऊन तंतू कडक करून मग पुन्हा एकदा फिरवायचे. अमेरिकेत माइक हंटर यांनी आणलेल्या हत्यारात गोल कटरचा माथा वाटीसारखा खोलगट असतो. त्याचा उतार टेकवून धरता येतो आणि तो पटाशीसारखा खरोखर कापतो. पण तो हातही पटाशीच्याच शाळेतला आहे, तो शिकावा लागतो.

आता टर्नरांसाठी. वाळूजमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या मनात हे वाचताना एक प्रश्न नक्की येईल: आमच्याकडचे जुने इन्सर्ट चालतील का? बहुतेक चालत नाहीत, आणि त्याचे कारण इन्सर्टच्या नावातच लिहिलेले असते. शॉपमध्ये सर्वांत जास्त दिसणारा सीएनएमजी घ्या. त्याचे दुसरे अक्षर एन, म्हणजे बाजूची मोकळीक शून्य अंश. मशीनवर होल्डर त्याला कलता धरतो म्हणून तो लोखंड कापतो. हातातल्या सपाट दांड्यावर बसवला तर त्याची बाजू लाकडावर घासत राहील, धार लाकडात शिरणारच नाही. सीसीएमटीचे दुसरे अक्षर सी, म्हणजे सात अंश मोकळीक. ते त्यापेक्षा बरे. पण तिसरे अक्षर एम हे दाबून बनवलेल्या इन्सर्टचे आहे आणि लोखंडासाठीच्या अशा इन्सर्टची धार मुद्दाम थोडी गोलावलेली असते. वर सोनेरी किंवा काळे कोटिंग धारेला आणखी बोथट करते. लोखंडात हा बोथटपणा धार तुटण्यापासून वाचवतो. लाकडात आपण ढलपीच काही शतांश मिलिमीटर जाडीची काढतो, तेव्हा तितकीच बोथट धार लाकूड चेपते आणि भाजते. मग काय वापरावे? ॲल्युमिनियमसाठीचे, बिनकोटिंगचे, चकचकीत पॉलिश केलेले, घासून धार दिलेले इन्सर्ट, म्हणजे सीसीजीटी, डीसीजीटी, व्हीसीजीटी. तिसरे अक्षर जी असलेले. त्यातला पस्तीस अंशाचा व्हीसीजीटी देव्हाऱ्याच्या खांबावरच्या बारीक खाचा आणि मण्यांना फार चांगला. मोठ्या खडबडीत कामाला मात्र लाकडासाठीचाच चौकोनी कटर घ्यावा, त्याची मोकळीक तीस अंशांच्या आसपास असते.

हत्यार विकत घेण्याची गरज या शहरात तरी कोणाला पडू नये. बारा मिलिमीटरचा चौकोनी बार, टोकाला मिलिंगने काढलेला खळगा, त्यात भोक आणि आटे, एवढेच तर काम. इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेल्या मुलांना हे एका दुपारचे काम आहे. खळग्याचा तळ अगदी सपाट हवा. कटरखाली भुशाचा एक कण राहिला आणि स्क्रू आवळला, तर कटर तिथेच तडकतो. दांडा टेक्याच्या पुढे किती काढायचा, याकडे लोखंडाच्या टर्नरने विशेष लक्ष द्यावे. टूल पोस्टमध्ये आपण ओव्हरहँग जपतोच, इथे तर पोस्टच्या जागी आपला हात आणि कमरेला टेकवलेली मूठ असते. ओव्हरहँग दुप्पट झाला की त्याच जोराखाली दांडा आठपट वाकतो. वाडग्याच्या तळाशी पोचताना दांडा थरथरू लागला, तर कारण बहुधा कटरमध्ये नसते, टेका दूर राहिलेला असतो.

सेंटरच्या उंचीबद्दल दोन शब्द. बाहेरची बाजू कातताना धार सेंटरला किंवा किंचित खाली, वाडग्याच्या आत किंचित वर. आत धार खाली राहिली आणि अडकली, तर लाकूड तिला आणखी खोल ओढते आणि मूठ हातातून सुटते. वर असेल तर अडकलेली धार मोकळ्या जागेकडे जाते. फेऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: इंचातला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार सहा हजार ते नऊ हजारांत ठेवायचा. चार इंची वाडगा म्हणजे साधारण दीड हजार ते सव्वादोन हजार, दहा इंची थाळी म्हणजे सहाशे ते नऊशे. लाकूड तोलात नसेल तर यापेक्षाही कमी. मेटल लेथची सवय असलेल्या माणसाला बिनतोल ओंडका चकमध्ये काय करतो याची कल्पना नसते, म्हणून हा आकडा मी जाड अक्षरांत छापायला सांगितला आहे.

धार लावता येते का, हा पुढचा प्रश्न. साध्या साणेवर नाही, ती साणच झिजेल. हिऱ्याच्या पातळ पट्टीवर पाणी घालून कटरचा सपाट माथा काही वेळा हळूच फिरवला की धार बरीच परत येते. बाजू घासू नयेत, माप बदलते. आणि कोरडे तर कधीच घासू नये. कोबाल्ट आणि कार्बाइडची धूळ फुप्फुसांत गेली तर फुप्फुसे कायमची कडक होण्याचा आजार होतो. लाकडाच्या धुळीबद्दलही आपण फार बेफिकीर आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. खरवडणारे हत्यार पटाशीपेक्षा जास्त बारीक भुसा करते. त्यामुळे तोंडाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवे. गळ्यातली माळ, ओढणी, सैल बाही, हातमोजे हे सारे फिरत्या लाकडापासून दूर. या चार ओळी मी पुस्तिकेत चार ठिकाणी पुन्हा छापल्या आहेत आणि त्याबद्दल कोणी टोकले तर मी पाचव्या ठिकाणीही छापीन.

काही ठिकाणी विडियाने जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत कातलेली लाकडी फळे-भाज्या पाहा, किंवा कर्नाटकातले चन्नपट्टण घ्या. तिथे काळ्या कुड्याचे पांढरे, मऊ लाकूड कातून फिरत्या लाकडावरच लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने ती पसरवून चमक आणतात. लाखेचा थर पातळ असतो, खालची प्रत्येक खरड तो दाखवतो. अशा मऊ लाकडावर ताज्या धारेची पोलादी पटाशी जे पृष्ठ देते, ते विडियाला देता येत नाही. पोलादाची धार विडियापेक्षा जास्त बारीक करता येते, फक्त ती लवकर जाते. ज्या कारागिराला धार लावण्यात दोन मिनिटे लागतात आणि ज्याचे लाकूड मऊ आहे, त्याच्या हातातली पटाशी काढून घेण्याचे काही कारण नाही. आपल्या देशातला जुना कातारी जमिनीवर बसून एका हाताने धनुष्य ओढत लाकूड फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने व पायाच्या बोटांनी हत्यार आवरायचा. लाकूड पुढे फिरे तेव्हाच धार लागे, मागे फिरे तेव्हा सुटे. ते कौशल्य इन्सर्टच्या स्क्रूत मावणारे नाही.

लाकडाच्या कामाला या प्रदेशात किती मान होता, हे पाहायचे तर वेरूळचे दहावे लेणे पाहावे. लोक त्याला सुतार लेणे, विश्वकर्म्याचे लेणे म्हणतात. त्याच्या छतावर दगडातच लाकडी वाशांच्या बरगड्या कोरल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यात तर खरे लाकडी वासे आजही आहेत. वेरूळच्या कोरक्यांना दगडातसुद्धा लाकूड हवेसे वाटले. हर्सूलहून तासाभराच्या वाटेवर हे आहे आणि आमच्या शहरातल्या टर्नरांनी रविवारी तिथे जाऊन मान वर करून ते छत बघावे असे मला मनापासून वाटते.

पुस्तिकेच्या रचनेबद्दल थोडे. हत्यार आणि कटर, मग धार आणि टेका, मग लाकडांची ओळख, शेवटी कामे, असा क्रम आहे. लाकडांच्या भागात आपल्याकडच्या वखारीत आणि शेतात मिळणाऱ्या झाडांवर भर आहे: बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ, आंबा, जांभूळ, चिंच. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ओले लाकूड दिवसात तडकते, म्हणून वाडगा आधी जाड ठेवून, म्हणजे व्यासाच्या एक दशांश जाडीचा, कातून काही महिने सावलीत वाळवायचा आणि मग पुन्हा लेथवर चढवायचा, ही रीत तिथे सविस्तर दिली आहे. झाड तोडण्यासाठी परवानगी लागते हेही तिथेच सांगितले आहे. मापे सगळी मिलिमीटरमध्ये आहेत, कारण टर्नर मिलिमीटरमध्ये विचार करतो. फेऱ्यांच्या ठोकताळ्यापुरता इंच ठेवला आहे.

ज्याने लेथला कधी हात लावला नाही, त्याने वाडग्यापासून सुरुवात करू नये. पहिले काम लाटणे असावे. बाभळीचे वाळलेले, गाठ नसलेले, चाळीस मिलिमीटर चौकोनी आणि साडेतीनशे मिलिमीटर लांब लाकूड दोन सेंटरमध्ये धरावे, टेका हाताने फिरवून लाकडाला लागत नाही हे बघावे, चौकोनी कटरने आधी कोपरे उडवून ते गोल करावे आणि कटरची पूर्ण बाजू कधीच एकदम लावू नये, कोपऱ्याजवळची दोन-तीन मिलिमीटर धारच लाकडात असावी. मध्यभागी व्यास जास्त राहतो, कारण तिथे लाकूड धारेपासून दूर वाकते. तो शेवटच्या दोन हलक्या हातांनी काढायचा. व्यास मोजायला कॅलिपर सगळ्यांकडे असतोच.